आयपॉडमध्ये पोथ्या ठेवाव्यात का?

प्रश्न : ताई, माझा भाचा अमेरिकेहून आला तेव्हा त्याचा जुना आयपॉड क्लासिक (ॲपलचा गाणी वाजवणारा प्लेअर, १६० जीबी) मला देऊन गेला. गाणी मी रेडिओवरच ऐकतो. पण आमच्या वाचनालयात जुन्या पोथ्या स्कॅन करायचं काम चाललंय, आणि त्या फाइली घरी आणायला एवढी जागा बरी वाटली. दोन्हीकडे विंडोज आहे. आयपॉड जोडला की ड्राइव्ह दिसतो, फाइली जातात-येतात. घोळ असा की भाच्याने भरलेली शेकडो गाणी आयपॉडवर वाजतात, पण कॉम्प्युटरवर एकही दिसत नाही. उलट मी टाकलेले अभंग कॉम्प्युटरवर दिसतात, पण आयपॉडवर त्यांचा पत्ताच नाही. वस्तू बिघडली आहे का? आणि यात पोथ्या ठेवणं कितपत सुरक्षित? – एक निवृत्त शिक्षक, वाई

उत्तर : सर, वस्तू ठणठणीत आहे. आयपॉड हा एका छपराखाली नांदणाऱ्या पण चूल वेगळी असलेल्या दोन भावांसारखा आहे. एक भाऊ साधी हार्ड डिस्क, दुसरा गाणी वाजवणारा. वाजवणारा भाऊ ड्राइव्हवर काय पडलंय ते बघत नाही. तो फक्त आपली वही उघडतो. ही वही म्हणजे आयट्यून्सने, म्हणजे आयपॉडमध्ये गाणी भरायच्या ॲपलच्या सॉफ्टवेअरने, लिहिलेली गाण्यांची यादी. तुमचे अभंग तुम्ही माउसने ओढून टाकलेत, त्यामुळे त्यांची नोंद वहीत झालेली नाही. ते ऐकायचे असतील तर आधी आयट्यून्समध्ये घाला आणि तिथून आयपॉडवर पाठवा. मात्र नव्या कॉम्प्युटरच्या आयट्यून्सने ‘इरेज अँड सिंक’ असं विचारलं तर हो म्हणू नका. भाच्याची सगळी गाणी जातील. त्याऐवजी ‘मॅन्युअली मॅनेज म्युझिक’ हा पर्याय निवडा.

भाच्याची गाणीही त्याच डिस्कवर आहेत, फक्त लपवलेली. विंडोजच्या एक्स्प्लोररमध्ये व्ह्यू या मेनूत जाऊन हिडन आयटम्सवर खूण करा. मग आयपॉड कंट्रोल नावाचं फोल्डर दिसेल, त्यात म्युझिक, आणि त्यात एफ-शून्य-शून्य, एफ-शून्य-एक अशी फोल्डरांची रांग. आत गेलात की चक्रावाल. प्रत्येक गाण्याचं नाव चार इंग्रजी अक्षरांचं आणि त्या अक्षरांना काही अर्थ नाही. एका भीमसेनांच्या रागाचे तुकडे चार फोल्डरांत विखुरलेले सापडतील. घाबरू नका, गाण्याचं खरं नाव, गायक, अल्बम हे सगळं फाइलीच्या पोटात लिहिलेलं असतं. ती फोल्डरं जशीच्या तशी कॉम्प्युटरवर कॉपी करून आयट्यून्समध्ये ओढली की नावं परत दिसतात. अर्थात, ज्याने भरताना नावच घातलं नाही त्याच्याकडे ‘ट्रॅक ०१’च निघणार. आणि कॉपीच करा, कट नको. कट केलंत तर वहीत नाव राहतं, गाणं मात्र जागेवर नसतं, आणि आयपॉड ते नुसतं ओलांडून पुढे जातो.

आता पोथ्या. तुमचा विचार काही जगावेगळा नाही. २००१च्या ऑक्टोबरमध्ये पहिला आयपॉड आला तेव्हा त्यात तोशिबाची १.८ इंची, ५ जीबीची डिस्क होती, आणि पहिल्या दिवसापासून तो बाहेरची डिस्क म्हणून वापरता येत होता (तेव्हा फक्त मॅकला, म्हणजे ॲपलच्याच कॉम्प्युटरला, जोडता यायचा). त्या काळी फ्लॉपीत १.४४ एमबी मावायचे, आणि पेन ड्राइव्ह नुकतेच येऊ लागले होते, तेही मोजक्या एमबींचे. डीटीपीच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावायच्या, धंद्यात मीही होते. दिवाळी अंकाची पानं, सोबत श्रीलिपी या सॉफ्टवेअरचे मराठी फाँट आणि स्कॅन केलेली चित्रं, हे सगळं प्रेसला पोचवायचं म्हणजे फ्लॉप्यांची चवड आणि त्यातली एक हमखास वाचली न जाणारी. ज्याच्या खिशात आयपॉड असे, त्याला प्रेसवाले जरा मानानेच चहा पाजत.

पण तुमचा आयपॉड आता म्हातारा आहे. १६० जीबीचं हे शेवटचं मॉडेल २००९चं, आणि क्लासिकची विक्री २०१४च्या सप्टेंबरमध्ये बंद झाली. आत खरोखरची फिरणारी तबकडी आहे. गाणी ऐकताना ती फारशी फिरत नाही: पुढची काही गाणी एकदम मेमरीत उचलून घेते आणि झोपी जाते. दोन-तीनशे फाइली एका दमात टाकल्यात की मात्र ती सलग फिरते, मागचा चकचकीत पत्रा कोमट होतो. कानाला लावून बघा. बारीक घरघर असेल तर ठीक. टक्... टक्... असा ठराविक आवाज यायला लागला तर त्याच दिवशी सगळं दुसरीकडे उतरवून घ्या. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: वाचनालयातून घरी नेण्यापुरता वापरा, पण पोथीची एकमेव प्रत त्यात ठेवू नका. आयट्यून्सने ‘रिस्टोअर’ करायला सांगितलं तर त्यात गाण्यांबरोबर पोथ्याही पुसल्या जातात, हे तर कायम ध्यानात असू द्या.

अजून एक अडचण तुम्हाला येणारच आहे. डिस्कवर फाइली मांडायच्या वेगवेगळ्या पद्धती असतात. विंडोजवर तयार केलेला आयपॉड फॅट-३२ या पद्धतीचा असतो, आणि त्यात ४ जीबीहून मोठी एक फाइल मावत नाही. शंभर जीबी जागा मोकळी असली तरी ‘फाइल फार मोठी आहे’ असा संदेश येईल. अख्ख्या पोथीची एकच टोलेजंग फाइल न करता अध्यायवार करा. कुणी हुशार माणूस म्हणेल, एनटीएफएस या विंडोजच्या दुसऱ्या पद्धतीत फॉरमॅट करून टाका. त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा. तसं केलंत तर आयपॉड गाणी वाजवायचाच बंद होईल. याच्या उलट, एखादा आयपॉड मॅकवर तयार झालेला असेल तर विंडोजला तो वाचताच येत नाही आणि ते लगेच ‘फॉरमॅट करू का?’ म्हणून विचारतं. तिथे नाहीच म्हणायचं.

काढताना आयपॉडच्या पडद्यावर ‘इजेक्ट बिफोर डिसकनेक्टिंग’ असं दिसत असेल तोवर केबल ओढू नका. इजेक्ट होत नसेल तर बहुतेक आयट्यून्स मागे उघडं असतं, ते बंद करा.

प्रश्न : बाजारातून पेन ड्राइव्हसारखा स्वस्त एमपीथ्री प्लेअर घेतला. ६४ जीबी लिहिलंय. प्रोजेक्टच्या फाइली भरल्या, दिसतात सगळ्या, पण अर्ध्या उघडत नाहीत. गाणीही भलत्याच क्रमाने वाजतात. – एक विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : पहिली गोष्ट गंभीर आहे. आतली चिप बहुधा ८ किंवा १६ जीबीची असावी आणि कॉम्प्युटरला ६४ सांगायला तिला पढवलेलं असावं. जागा संपली तरी ती फाइलींची नावं घेत राहते, मजकूर मात्र हरवतो किंवा आधीच्यावर लिहिला जातो. एच-टू-टेस्ट-डब्ल्यू (h2testw) नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. प्लेअर रिकामा करून ते चालवा, ते पूर्ण जागा भरून परत वाचून बघतं. लबाडी निघाली तर निकाल दुकानदाराला दाखवा आणि पैसे मागा. प्रोजेक्ट त्यात एक दिवसही ठेवू नका.

गाण्यांचं म्हणाल तर असले प्लेअर बरेचदा नावाने नाही, ज्या क्रमाने कॉपी केलं त्या क्रमाने वाजवतात. फोल्डर रिकामं करून गाणी एकेक करून हव्या त्या क्रमाने टाका. मराठी नावांच्या जागी चौकोन दिसत असतील तर त्यात देवनागरी फाँटच नाही, नावं इंग्रजी अक्षरांत लिहा.

प्रश्न : माझा जुना प्लेअर जोडला की कॉम्प्युटरवर दिसतो, पण ड्राइव्हचं अक्षर येत नाही. – रत्नागिरी

उत्तर : तो एमटीपी पद्धतीने जोडला जातोय, म्हणजे कॉम्प्युटर त्याला डिस्क न मानता गाणी-चित्रांचं उपकरण मानतो. सेटिंगमध्ये यूएसबी मोड असेल तर एमएससी (पेन ड्राइव्हसारखी डिस्क म्हणून जोडायची पद्धत) करा, अक्षर मिळेल. काही प्लेअर मोड बदलल्यावर आधीची गाणी दाखवत नाहीत. ती पुसलेली नसतात, परत एमटीपी केलं की दिसतात.