इंग्लंडमध्ये सरकारी शाळेच्या अर्जात एकच शाळा लिहिली तर प्रवेशाची शक्यता वाढते का?

नाही. पसंतीक्रम कौन्सिलकडेच (स्थानिक प्रशासनाकडे) राहतो, शाळेला कळत नाही. शाळा आपल्या निकषांनी यादी लावते: केअरमधली (कौन्सिलच्या देखभालीत असलेली) मुलं, बहुधा भावंडं, मग घरापासूनचं अंतर. दोन-तीन ठिकाणी नंबर लागला तर तुम्ही सर्वांत वर लिहिलेली शाळा मिळते. पहिल्या पसंतीला झुकतं माप द्यायची पद्धत २००७च्या प्रवेशसंहितेने बंद केली, तरी अफवा काही मरत नाही.

एकच नाव लिहिलं आणि ते हुकलं, की कौन्सिल उरलेल्या जागांतली शाळा देतं. मग रोज दोन बस बदला. लंडनच्या अर्जात सहा शाळांसाठी रकाने असतात. गेल्या वर्षी शेवटचा प्रवेश किती अंतरावर थांबला ते बघून एक खात्रीची शाळा टाकाच. मुदत: माध्यमिक ३१ ऑक्टोबर, प्राथमिक १५ जानेवारी.