ओट्याच्या ग्रॅनाइटमध्ये सिंकसाठी कट मारायचाय. अँगल ग्राइंडर चालेल की मार्बल कटरच हवा?

मार्बल कटरच घ्या. त्याची सपाट बैठक दगडावर टेकते, म्हणून रेघ सरळ जाते. चार इंची ब्लेड साधारण 30 मिमी उतरतं आणि ओट्याचा ग्रॅनाइट बहुधा 18-20 मिमीच असतो. ब्लेड डायमंडचं, अखंड कडेचं. खाचांचं ब्लेड विटा-काँक्रीटला ठीक, इथे कडा उडवतं. कोपऱ्यांत आधी ड्रिलने भोकं पाडा, नाहीतर तिथूनच तडा जातो. मग दोन-तीन फेऱ्यांत खाली उतरा. उडणाऱ्या भुकटीत सिलिका असते, ती फुफ्फुसात बसली की निघत नाही. रुमाल कुचकामी, एन-95 आणि गॉगल लावाच. पाणी सोडून कापायचं तर मशीन त्यासाठीच बनवलेलं हवं, प्लग आरसीसीबीवर, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणाऱ्या स्विचवर. सिंक गोल असेल तर मात्र ग्राइंडर बरा, कटर वळत नाही.