पडदा-रंगमंच प्रश्नोत्तरे : नकली फील्डमार्शल

प्रश्न : १९३०च्या एका चेक बोलपटात निवृत्त कॅप्टन फील्डमार्शलच्या गणवेशात फौजेच्या तळावर जातो आणि सगळे त्याला खराच समजतात, असे वाचले. हेच बीज घेऊन गणेशोत्सवात एकांकिका बसवायची आहे. भाड्याचे गणवेश मात्र लग्नातल्या बँडवाल्यांचे वाटतात. काय करावे?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : तो बोलपट म्हणजे कारेल लामाच दिग्दर्शित 'त्से आ का पोल्नी मार्शालेक'. कॅप्टनच्या भूमिकेत व्लास्ता बुरियन, प्रागच्या रंगभूमीवरचा त्या काळचा सर्वांत लाडका विनोदी नट. कथा घडते ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात, रशियाच्या सीमेलगतच्या गॅलिशियातल्या तळावर. ते साम्राज्य १९१८मध्ये बुडाले होते, त्यामुळे १९३०चा प्रेक्षक त्याच्या सेनानींना खुशाल हसू शकत होता.

बँडवाल्याचा भास होतो तो खांद्यांवरच्या झालरींमुळे. त्या आधी उसवून टाका. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यात अधिकाऱ्याचा हुद्दा कॉलरवर असे. लेफ्टनंटला एक तारा, ओबरलेफ्टनंटला दोन, कॅप्टनला तीन. कर्नललाही तीनच, पण त्याची कॉलर जरीच्या पट्टीने मढवलेली. फील्डमार्शलच्या लाल कॉलरवर सोनेरी भरतकाम असे आणि तारा एकही नसे. हा तपशील संहितेत जरूर वापरा : तारे शोधणारा शिपाई आणि ते न सापडल्यामुळेच उडालेली त्याची गाळण. शिवाय कमरेला काळ्या रेघांचा सोनेरी पट्टा आणि समारंभाच्या टोपीवर हिरव्या पिसांचा तुरा.

कॉलर घरी शिवता येते. बकरमचे (कडक अस्तराच्या कापडाचे) दोन थर, त्यावर लाल पॉपलिन, उंची साडेचार सेंटिमीटर. सहा केली की हनुवटी टेकते, मान वळत नाही आणि आवाज दबतो. गळ्याच्या मापात दीड सेंटिमीटर सैल ठेवा आणि पुढे बटणाऐवजी दोन हुक लावा. गोटा, म्हणजे जरीची पट्टी, शीतलामाता बाजारात मिळेल. तो चिकटवू नका. दिव्यांच्या उष्णतेने घाम येतो आणि दुसऱ्या प्रवेशापर्यंत पट्टी लोंबू लागते. काठाने टाके घाला. नवा गोटा एलईडीखाली फार चकाकतो. त्यावर नुसता पोस्टर कलर ओघळतो. तपकिरी रंगात थोडा फेविकॉल कालवला की धरतो.

आता बसवण्याबद्दल, कारण खरी गडबड तिथेच होते. नकली मार्शल पहिल्या क्षणापासून चाळे करू लागला की नाटक दहा मिनिटांत संपते. हसू सलाम ठोकणाऱ्यांत आहे. कर्नलने चेहरा बघायच्या आधी कॉलर बघावी, टाचा जुळवाव्यात आणि मग काही केल्या नजर वर नेऊ नये. एकदा सलाम ठोकल्यावर चूक कबूल करणे म्हणजे स्वतःचीच अब्रू घालवणे, म्हणून प्रत्येक जण ते ढोंग पुढे रेटतो. नकली माणसाने शक्य तितके कमी बोलावे; रिकाम्या जागा बाकीचे भरतात. खरा मार्शल शेवटच्या चतुर्थांशात आणा, त्याआधी नको.

प्रश्न : हाच चित्रपट जर्मनमध्येही आहे म्हणतात. मग मूळ कोणता आणि डब केलेला कोणता?
— एक वाचक, जीवाजीगंज, ग्वाल्हेर

उत्तर : डब केलेला कोणताच नाही. चेक आणि जर्मन या दोन्ही आवृत्त्या स्वतंत्र चित्रित झाल्या आणि दोन्हींत बुरियनच आहेत. त्या वेळी आवाज चित्रीकरणाबरोबरच मुद्रित होई. वेगवेगळे ध्वनिपट्टे नंतर एकजीव करण्याचे तंत्र कच्चे होते. म्हणून तोच सेट, तेच दिवे ठेवून प्रत्येक दृश्य दुसऱ्या भाषेत पुन्हा घ्यायचे, गरजेप्रमाणे नट बदलायचे. मायक्रोफोन लपवलेल्या जागेपासून नट दूर गेला की शब्द विरत, आणि कॅमेऱ्याची घरघर ऐकू येऊ नये म्हणून तो खोक्यात नाहीतर खोलीत कोंडत. या सुमाराच्या बोलपटांत माणसे टेबलाभोवती घुटमळताना दिसतात ती यामुळे. आपल्याकडे 'प्रभात'ने १९३२मध्ये 'अयोध्येचा राजा' मराठी आणि हिंदीत असाच दोनदा केला.

प्रश्न : आमच्या मंडळात जुना युरोपीय बोलपट मराठी उपशीर्षकांसह दाखवला. सुरुवातीला ओळी जुळत होत्या, तासाभरात दोन मिनिटांहून जास्त मागे पडल्या. अक्षरेही तुटली.
— एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : फरक वाढत गेला, म्हणजे वेगाची गल्लत. उपशीर्षके सेकंदाला २४ चौकटींच्या (फ्रेम्सच्या) प्रतीवर बेतलेली आणि तुमची फाइल २५ची. तासाला २ मिनिटे २४ सेकंदांचा फरक पडतो, तुमचा आकडा तोच सांगतो. व्हीएलसी या प्लेअरमध्ये 'जी' आणि 'एच' कळा दाबून भागणार नाही. त्या सगळ्या ओळी सारख्याच सरकवतात. उपशीर्षके संपादित करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम रेट २४चा २५ करून फाइल नव्याने साठवा. साठवताना यूटीएफ-८ ही अक्षरांची संकेतपद्धती निवडा आणि प्लेअरमध्ये देवनागरीचा फॉन्ट ठरवून द्या, म्हणजे जोडाक्षरे शाबूत राहतील. बुरियन भरधाव बोलतात. त्यांचे प्रत्येक वाक्य उतरवू नका; एका वेळी दोनच ओळी, ओळीत पस्तीसेक अक्षरे. आणि चित्र पूर्ण पडदाभर ताणू नका. १९३०च्या आसपासच्या बऱ्याच बोलपटांची चौकट जवळपास चौरस आहे. ताणली की सगळे अधिकारी बुटके दिसतात, कापली की टोपीवरचा तुरा जातो.

प्रश्न : नाटकात भारतीय लष्कराचा गणवेश घातला तर गुन्हा होतो का?
— एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : रंगमंचावर नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८नुसार सैनिक नसताना, लोकांनी आपल्याला सैनिक समजावे या हेतूने तसा पोशाख घातला तर तीन महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मुद्दा हेतूचा आहे. तरीही गणवेश पिशवीतून न्या, रंगपटातच चढवा आणि तिथेच उतरवा. महू छावणी जवळ आहे, त्या पोशाखात चहाच्या टपरीवर उभे राहून उगाच चौकशी ओढवून घेऊ नका. खऱ्या पलटणींची चिन्हे लावण्यापेक्षा बिल्ले मनाने बनवा.