ओडवायरमधला 'ओ' खाऊ नका
(वाचक विचारतात)

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या भिंतीवर क्रांतिकारकांची माहिती रंगवणं सुरू आहे. उधमसिंगांच्या चौकटीत 'जनरल डायरचा वध करून जालियनवाला बागेचा सूड घेतला' असं खडूनं लिहून ठेवलंय. एक पालक म्हणतात, मारला तो डायर नव्हताच. पेंटर परवा येणार. काय लिहू?
– एक शिक्षिका, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : पालकांचं बरोबर आहे. खडू आहे तोवर पुसून टाका.

माणसं दोन. पहिला रेजिनाल्ड डायर, लष्करी अधिकारी. 13 एप्रिल 1919 ला, रविवारी, बैसाखीच्या दिवशी अमृतसरच्या बागेत गोळीबाराचा हुकूम त्यानं दिला. पन्नास रायफली, सुमारे दहा मिनिटं, 1650 फैरी. सरकारी आकडा 379 मृतांचा. काँग्रेसच्या चौकशीनं तो हजाराच्या घरात धरला. दुसरा मायकेल ओडवायर, त्या वेळचा पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर. तो बागेत नव्हता, पण डायरनं केलं ते योग्यच, अशी मान्यता त्यानं तारेनं कळवली होती.

आता सनावळी बघा. डायर जुलै 1927 मध्ये इंग्लंडात आजारानं मेला. उधमसिंगांनी गोळ्या झाडल्या 13 मार्च 1940 ला, लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये, सभा संपता संपता. म्हणजे डायरला जाऊन बारा वर्षं उलटून गेली होती. एवढी एक तारीख पडताळली असती तरी चूक हातात सापडली असती.

घोटाळा होतो तो नावामुळे. 'ओडवायर' हे अख्खं आयरिश आडनाव आहे. मराठीत लिहिताना कुणी 'ओ' खातं, तर कुणी त्यापुढं टिंब देऊन 'मायकेल ओ. डायर' करून टाकतं. मग आपल्याकडच्या सवयीनं वाचणाऱ्याला वाटतं, 'ओ' म्हणजे वडिलांच्या नावाचं अक्षर आणि आडनाव डायर! म्हणून पेंटरला कागदावर जोडून लिहून द्या : ओडवायर. तोंडी सांगू नका.

चौकटीत एवढं पुरे :

'सरदार उधमसिंग. जन्म 26 डिसेंबर 1899, सुनाम (पंजाब). 13 मार्च 1940 रोजी लंडन येथे पंजाबचा माजी लेफ्टनंट गव्हर्नर मायकेल ओडवायर याला गोळ्या झाडून ठार केले. 31 जुलै 1940 रोजी पेंटनव्हिल तुरुंगात फाशी.'

'वध' म्हणावं, 'हत्या' म्हणावं की 'खून', यावर शाळा समितीत वाद होणारच. तिन्ही शब्दांत लिहिणाऱ्याचा निकाल आधीच आलेला असतो. 'गोळ्या झाडून ठार केले' हे सगळ्यांना मान्य व्हावं असं वाक्य आहे. भाषणात हवा तो शब्द वापरा, भिंतीवर घटना लिहा.

आणखी तीन गोष्टी. 'बरोब्बर 21 वर्षांनी' लिहू नका, एक महिना कमी पडतो, 'सुमारे' घाला. अटकेनंतर त्यांनी सांगितलेलं नाव 'मोहम्मद सिंग आझाद' असं होतं. 'राम मोहम्मद सिंग आझाद' हे रूप लोकांच्या तोंडी रुळलेलं आहे. आणि गोळीबाराच्या वेळी ते स्वतः बागेत होते की नाही, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. सांगायचंच तर 'असं सांगतात' म्हणून सांगा, रंगवू नका. भिंतीवरची चूक पाच-सात वर्षं टिकते आणि तेवढ्या तुकड्या ती पाठ करून बाहेर पडतात.

प्रश्न : शारदोत्सवातल्या प्रश्नमंजुषेत 'रँडचा मृत्यू कधी झाला?' याचं उत्तर परीक्षकांनी 22 जून 1897 दिलं. एका मुलीनं 3 जुलै लिहिलं होतं, तिचा गुण कापला. शिवाय 'बाळकृष्ण चापेकर वऱ्हाडात लपला होता' असंही कुणी सांगितलं. खरं काय?
– वाचनालयाचे कार्यकर्ते, ता. मूर्तिजापूर, जि. अकोला

उत्तर : मुलीचा गुण परत द्या.

22 जून ही हल्ल्याची तारीख. व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीला साठ वर्षं झाल्याचा समारंभ पुण्यात गणेशखिंडीतल्या गव्हर्नरच्या बंगल्यावर होता. तिथून रात्री परतणाऱ्या गाड्यांवर हल्ला झाला. दामोदर चापेकरनं प्लेग समितीचा प्रमुख वॉल्टर रँड याच्यावर गोळी झाडली आणि बाळकृष्णानं लेफ्टनंट आयर्स्टवर. जागीच मेला तो आयर्स्ट. रँड जखमी होऊन ससून रुग्णालयात पडून होता, तो 3 जुलैला मेला. अशा प्रकरणांत हल्ल्याचा दिवस आणि मृत्यूचा दिवस वेगळे निघू शकतात. म्हणून टिपण काढताना एकाच 'तारीख' रकान्यात सगळं कोंबू नका. हल्ला, मृत्यू, शिक्षा, फाशी असे चार रकाने पाडा. जो रकाना भरता येत नाही तो कोरा राहू द्या. शेजारच्या रकान्यातली तारीख तिथं ओढायची नाही.

हे रकाने चापेकरांसाठी भरले की दुसरी चूकही निघते. 'तिघा भावांना रँडच्या खुनासाठी एकत्र फाशी' हे वाक्य अजून छापलं जातं. दामोदरला फाशी झाली 18 एप्रिल 1898 ला. खबर देणाऱ्या द्रविड बंधूंना 8 फेब्रुवारी 1899 ला मारलं गेलं आणि त्या प्रकरणात वासुदेवला 8 मे ला, त्याचा साथीदार महादेव रानडे याला 10 मे ला फाशी झाली. बाळकृष्णाला 12 मे 1899 ला. रानडेचं नाव आपल्या फलकांवरून बहुतेक वेळा गळतंच, ते घाला. टिळकांना 1897 मध्ये झालेली अठरा महिन्यांची शिक्षाही खुनाबद्दलची नव्हती. ती 'केसरी'तल्या मजकुरावरून, राजद्रोहाच्या कलमाखाली होती.

वऱ्हाडाचं म्हणाल, तर बाळकृष्ण निजामाच्या राज्यात लपला होता, एवढं खरं. वऱ्हाड तेव्हा कागदोपत्री निजामाचंच होतं, म्हणून कुणीतरी हा सांधा जुळवला असणार. पण 1853 पासून इथला कारभार इंग्रजांच्या हाती होता. निजामाचा स्वतःचा अंमल असलेला मुलूख वेगळा. 'आपल्या भागात' ऐकायला गोड वाटतं, पण त्यासाठी वेगळा पुरावा हवा, नकाशा पुरत नाही.

प्रश्न : 14 फेब्रुवारीला भगतसिंगांना फाशी सुनावली, असा मेसेज दरवर्षी गावच्या ग्रुपवर येतो. खरा आहे का?
– बारावीचा विद्यार्थी, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : नाही. शिक्षा सुनावली 7 ऑक्टोबर 1930 ला, फाशी झाली 23 मार्च 1931 ला लाहोरला. आणि फाशी असेंब्लीतल्या बॉम्बसाठी नव्हती. त्याबद्दल जन्मठेप झाली होती. फाशी झाली ती सॉन्डर्सच्या 17 डिसेंबर 1928 च्या खून प्रकरणात. नेम स्कॉट या अधिकाऱ्यावर होता, मारला गेला सॉन्डर्स. ग्रुपवर वाद घालू नका, नुसत्या तारखा टाका.

प्रश्न : तान्ह्या पोळ्याच्या वेशभूषेत मुलाला उधमसिंग करायचंय. पगडी, दाढी कुठली आणावी?
– एक आई, ता. काटोल, जि. नागपूर

उत्तर : काहीच आणू नका. कॅक्स्टन हॉलमध्ये त्यांना ना पगडी होती ना दाढी. अंगात विलायती सूट होता. मोठ्या भावाचा कोट बाह्या दुमडून घातला तरी चालेल. खेळण्यातलं पिस्तूल लागलंच तर गोल फिरणाऱ्या चकतीचं, म्हणजे रिव्हॉल्व्हर घ्या.

परीक्षक विचारतात म्हणून एवढं पाठ करून घ्या : सहा गोळ्या झाडल्या, दोन ओडवायरला लागल्या. भारतमंत्री झेटलंड, लॅमिंग्टन आणि लुई डेन हे तिघं जखमी झाले, पण वाचले, कारण काडतुसं त्या रिव्हॉल्व्हरच्या मापाची नव्हती, थोडी बारीक होती, त्यामुळे गोळीला जोर आला नाही. मुलगा लहान असेल तर तीन साहेबांची नावं सोडा. 'ओडवायर' मात्र दहा वेळा म्हणवून घ्या, स्टेजवर घाईत 'ओ' हमखास गिळला जातो.