उलटी फिरलेली मोटर आणि पेरणीतल्या नांग्या

वाचकांचे प्रश्न : शेत आणि वर्कशॉप

इंदूर आणि आसपासच्या गावांतून या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांच्या शेवटी "नाव छापू नये" असं लिहिलेलं आहे. नावं छापलेली नाहीत. पण या चुका इतक्या सर्रास होतात की त्यांत लपवण्यासारखं काही नाही. उलट, कोणाला कळायच्या आत निस्तरू या, अशा घाईतच दुसरं नुकसान होतं. पहिल्या दोन पत्रांत नेमकं तेच झालं आहे.

सांवेर तालुक्यातून : विहिरीवर ५ एचपीची थ्री फेज मोनोब्लॉक मोटर आहे. गव्हाला दुसरं पाणी द्यायचं होतं. मोटर सुरू व्हायची, आवाज नेहमीचाच, पण पाणी नुसतं पाझरायचं. फूटवॉल्व्ह (सक्शन पाइपच्या तळाची झडप) वर काढून नवा बसवला, ग्लँडची दोरी बदलली, दोन दिवस गेले. शेवटी वायरमनने दोन वायरींची अदलाबदल केली आणि पाणी धो धो आलं. गावात सांगायची लाज वाटते. हे झालं कसं?

मोटर उलटी फिरत होती. थ्री फेज मोटरची दिशा तिन्ही फेज कोणत्या क्रमाने येतात त्यावर ठरते. डीपीवर (म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर) किंवा खांबावर दुरुस्ती झाली, तारा सोडून पुन्हा जोडल्या आणि त्यात दोन तारांच्या जागा बदलल्या, की मोटर उलट्या दिशेने फिरू लागते. ती जळत नाही, गुरगुरत नाही, त्यामुळे कानाला काहीच कळत नाही. इम्पेलर उलटा फिरला तरी पाणी बाहेरच फेकतो, पण पात्यांचा बाक उलटा पडल्याने पुरेसा दाब तयार होत नाही. पाणी साफ बंद न होता पाझरत राहतं ते यामुळे, आणि म्हणूनच सगळ्यांचा संशय फूटवॉल्व्हवर जातो.

पाना हातात घेण्याआधी एकच प्रश्न विचारायचा : मोटर शेवटची नीट चालली, त्यानंतर काय बदललं? लाइन गेली होती का, डीपीवर कोणी चढलं होतं का? मग त्याच डीपीवरच्या शेजाऱ्याला विचारा. बिघाड डीपीवरचा असेल तर त्याचीही मोटर उलटीच फिरत असणार. तुम्ही विचारलं असतंत तर दोन दिवस तुमचेही वाचले असते आणि बहुधा त्याचेही.

त्यानंतर पंपात पाणी भरा आणि मोटर सुरू न करता पाच-दहा मिनिटं पातळी बघा. पातळी उतरली तर फूटवॉल्व्ह किंवा सक्शनचा जोड गळतो आहे. पातळी जागच्या जागी राहिली आणि तरीही पाणी चढत नसेल, तर दिशा बघा. मोटरच्या अंगावर बाण असतो. बटण दाबून लगेच बंद करा आणि मागच्या जाळीतून पंखा थांबता थांबता कुठल्या बाजूला फिरतो ते पाहा. ही तपासणीसुद्धा पंपात पाणी भरलेलं असतानाच करा, कोरडा चालवला तर सील जळतं.

वायरी बदलताना मेन स्विच बंद, कटआउट काढून खिशात, आणि ऑटो बंद. हा ऑटो बहुतेक जण विसरतात. लाइन आली की मोटर आपोआप सुरू होते आणि हात तिथेच असतो. टेस्टरने तिन्ही तारा तपासा, मग स्टार्टरकडे येणाऱ्या तीनपैकी कोणत्याही दोन तारा एकमेकींच्या जागी लावा. स्टार-डेल्टा स्टार्टर असेल तर मोटरकडे जाणाऱ्या सहा तारांना हात लावू नका, बदल येणाऱ्या बाजूलाच करायचा. काम झालं की स्टार्टरच्या झाकणावर तारीख घालून "दोन वायरी बदलल्या" असं लिहून ठेवा. कारण उद्या डीपीवरचा क्रम कोणी दुरुस्त केला की तुमची मोटर पुन्हा उलटी फिरणार.

सबमर्सिबलचा पंखा दिसत नाही. तिथे दोन्ही दिशांनी चालवून २०० लिटरचा ड्रम भरायला किती वेळ लागतो ते मोजा. ज्या दिशेने लवकर भरतो ती बरोबर.

देपालपूरहून : गव्हात तणनाशक मारलेल्या पंपानेच मिरचीवर कीटकनाशक फवारलं. पंप दोनदा धुतला होता. चार दिवसांत शेंडे पिळवटले, पाने अरुंद झाली. बोकड्या (पानं आकसण्याचा रोग) समजून आणखी दोन औषधं मारली. आता काय करू?

आणखी काहीही मारू नका. तुम्ही औषधाचं नाव लिहिलेलं नाही, पण गव्हात चाकवतासारख्या रुंद पानांच्या तणांसाठी २,४-डी वापरतात आणि लक्षणं त्याचीच आहेत. मिरची, टोमॅटो, कापूस, हरभरा, सोयाबीन ही सगळी रुंद पानांचीच पिकं, त्यामुळे अगदी थोडा अंशही त्यांना पुरतो.

बोकड्या आणि तणनाशकाचा फटका वेगळा ओळखता येतो. बोकड्या विखुरलेल्या झाडांवर सुरू होतो आणि पान उलटून पाहिलं तर फुलकिडे, कोळी किंवा पांढरी माशी सापडते. तणनाशकाचा फटका फवारणीच्या वाटेने जातो. पंप जिथे सुरू केला त्या टोकाला झाडं सर्वात जास्त पिळवटलेली, कारण नळीत साचलेला अंश पहिल्यांदा तिथे पडतो, आणि पुढे कमी कमी होत जातं. एक पान तोडून उजेडात धरा. शिरा एकमेकींना चिकटल्यासारख्या समांतर दिसतील आणि पान पट्टीसारखं लांबट.

यावर उतारा नाही. हलकं पाणी द्या आणि १० ते १५ दिवस नव्या फुटव्याकडे लक्ष ठेवा. नवी पानं सरळ आली तर झाड सावरतं, नाही आली तर त्या ओळी काढून टाकणं बरं. फटका बसलेल्या ओळींची मिरची घरात वापरू नका, मंडीतही नेऊ नका.

आता पंप. दोनदा धुणं पुरत नाही, कारण औषध रबरी नळीत, वॉशरमध्ये आणि गाळणीच्या जाळीत मुरतं. पाण्यात टाकल्यावर दुधासारखं पांढरं होणारं २,४-डी एस्टर प्रकारचं असतं आणि ते तेलकट असल्याने आधी साबणाच्या पाण्याने धुवावं लागतं. पाण्यात स्वच्छ विरघळणारं बहुधा अमाइन मिठाचं असतं, ते त्यामानाने सहज निघतं. टाकी रिकामी करून साध्या पाण्याने तीनदा धुवा, दर वेळी थोडं पाणी नोझलमधून बाहेर सोडा. मग घरगुती अमोनिया लिटरला १० मिली, म्हणजे १६ लिटरच्या पंपाला १६० मिली, घालून पंप भरा, थोडं नळीतून सोडा आणि रात्रभर ठेवा. नोझल, जाळी, वॉशर काढून त्याच पाण्यात बुडवा. सकाळी ओतून पुन्हा दोनदा धुवा. अमोनियात ब्लिचिंग पावडर कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. धुतलेलं पाणी विहिरीजवळ, नाल्यात किंवा गुरांच्या वाटेवर ओतायचं नाही. तण मारलेल्या गव्हाच्या शेतातच ते पसरा.

एवढं करूनही शंका असेल तर त्या पंपातलं साधं पाणी टोमॅटोच्या दोन-तीन रोपांवर मारून चार दिवस बघा. खरा उपाय मात्र तणनाशकाचा पंप वेगळा ठेवणं हाच. टाकीवर लाल रंगाचा पट्टा ओढा आणि घरातल्या, मजुरीवरच्या, सगळ्यांना त्याचा अर्थ सांगून ठेवा. पंपाची किंमत एका तोडणीच्या मिरचीपुढे काहीच नाही.

पोलोग्राउंडजवळच्या वर्कशॉपमधून : बेंच ग्राइंडरच्या डाव्या बाजूचा दगड बदलताना नट सुटेना. पाइप लावून जोर दिला तर आटेच गेले.

डाव्या बाजूला उलटे आटे असतात, तुम्ही नट सोडवत नव्हता, आवळत होता. दोन्ही बाजूंना लागू पडणारा नियम : दगड ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने नट फिरवला की सुटतो. दगड सुरू होताना नट आपोआप आवळला जावा म्हणून ही रचना असते. शाफ्टचे आटे गेले असतील तर ते टर्नरकडूनच करून घ्या, वेल्डिंगने नट चिकटवू नका.

नवा दगड बसवण्याआधी बोटावर टांगून लाकडी मुठीने हलकेच ठोका. खणखणीत वाजला तर चांगला, बद्द वाजला तर आत तडा आहे, फेकून द्या. टेकू आणि दगड यांत ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको. पहिलं एक मिनिट बाजूला उभं राहून रिकामाच चालवा.

महू तालुक्यातून : नऊ दात्यांच्या पेरणी यंत्राने सोयाबीन पेरलं. सहाव्या दिवशी दिसलं, दोन ओळी शेवटपर्यंत कोऱ्या. शेत रस्त्यालगत आहे, येणारा-जाणारा विचारतो. कारण आणि उपाय सांगा.

दोन दाते बुजले होते. काळ्या मातीत हे एकाच कारणाने सर्वात जास्त होतं : ट्रॅक्टर उभा असताना यंत्र खाली टेकवलं जातं आणि दात्याच्या मागच्या बुटात, म्हणजे बी जिथून मातीत पडतं त्या तोंडात, ओली माती ठासून बसते. यंत्र नेहमी ट्रॅक्टर चालता ठेवूनच उतरवायचं, आणि उतरवल्यावर मागे घ्यायचं नाही. वाफसा नसताना घाई केली तर चालता चालताही बुजतं. माती मुठीत दाबून गोळा करा आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडा. गोळा फुटला तर पेरा, चपटा झाला तर थांबा.

मागे चालणारा माणूस प्रत्येक वळणावर नळ्या बघत असेल तर ओळ शेवटपर्यंत कोरी राहत नाही. पारदर्शक नळ्या लावल्या तर दाणा पडताना दिसतो. आणि पेटीत बियाणं संपत आलं की कडेच्या दात्यांना आधी मिळेनासं होतं, म्हणून पेटी पाव राहिली की भरा.

पेरणीआधी यंत्र मोजून घ्यायला अर्धा तास पुरतो. नऊ दाते, ४५ सेंटिमीटर अंतर, म्हणजे रुंदी ४.०५ मीटर. चाकाचा घेर दोरीने मोजा, समजा १.५ मीटर आला. यंत्र उचलून चाक २० वेळा फिरवलं तर ३० मीटर चाल झाली, क्षेत्र साधारण १२१ चौरस मीटर. हेक्टरी ७० किलो बियाणं धरलं तर एवढ्यात सगळ्या नळ्यांतून मिळून ८५० ग्रॅम पडायला हवं. प्रत्येक नळीला वेगळी पिशवी बांधा, दर पिशवीत ९४-९५ ग्रॅम यावं. एखादी पिशवी हलकी भरली तर ती नळी तिथल्या तिथे सापडते, रस्त्यावरच्या लोकांनी दाखवायची वेळ येत नाही.

आता कोऱ्या ओळींचं. शेजारशेजारच्या असतील तर ओल असेपर्यंत, पेरणीपासून आठवड्याच्या आत हाताने टोकून नांग्या (रिकाम्या जागा) भरा, बी ३ ते ४ सेंटिमीटर खोल. त्यानंतर भरलेली रोपं मोठ्या रोपांच्या सावलीत दबतात आणि काढणीला हिरवी राहतात. ओळी एकेकट्या असतील तर भरूच नका. वीस-पंचवीस दिवसांनी डोऱ्याला दोरी गुंडाळून तिथे सरी काढा. माळव्यातल्या मुसळधार पावसात ती निचऱ्याला येते आणि पुढे फवारणीला चालायलाही. सरी-वरंब्यावरच्या सोयाबीनची शिफारस खंडवा रोडवर १९८७ पासून असलेली सोयाबीन संशोधन संस्थाही करते, तेव्हा रस्त्यावरून विचारणाऱ्याला सरी म्हणून सांगायला हरकत नाही.

देवासहून : मुलाने गेट वेल्डिंग केलं, मी नुसतं धरून उभी होते. रात्री दोघांचे डोळे वाळू गेल्यासारखे खुपू लागले. शेजारणीने कच्चं दूध घालायला सांगितलं.

ताई, दूध, बटाट्याचा काप, तूप, काहीही डोळ्यात किंवा डोळ्यावर ठेवू नका. आर्कमधल्या अतिनील किरणांनी बुबुळावरचा पातळ पापुद्रा भाजतो आणि त्यात जंतू गेले तर साधं दुखणं मोठं होतं. त्रास सहसा काही तासांनी, रात्री झोपेत सुरू होतो, म्हणून वेल्डिंगशी त्याचा संबंध लवकर लागत नाही. डोळे चोळू नका, बंद पापण्यांवर थंड पाण्याची स्वच्छ घडी ठेवा, खोलीत उजेड कमी करा. बहुतेकांचं दुखणं एक-दोन दिवसांत ओसरतं. ओसरलं नाही, धूसर दिसलं किंवा त्याच दिवशी ग्राइंडिंगही झालं असेल तर लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, कारण लोखंडाचा कण रुतलेला असू शकतो. बधिर करणारे थेंब दुकानातून आणून घालू नका.

धरणाऱ्यालाही काच हवीच. ३.१५ मिलिमीटरच्या रॉडला १०० ते १२० अँपिअर लागतात, त्यासाठी १० किंवा ११ नंबरची काच घ्या. चुना लावलेल्या भिंतीवरूनही किरणं परततात, त्यामुळे तोंड फिरवून उभं राहणं पुरेसं नाही.

राऊहून : चोइथराम मंडीत कांद्याची ट्रॉली मागे घेताना तीनदा वाकडी झाली. मागे रांग, सगळे ओरडत होते.

स्टिअरिंगच्या तळाशी, घड्याळात सहाचा आकडा असतो तिथे, एक हात धरा. ट्रॉलीचं शेपूट ज्या बाजूला न्यायचं त्याच बाजूला हात सरकवा. दोन चाकी ट्रॉलीला एवढं पुरतं. चार चाकी ट्रॉलीचा पुढचा आस फिरता असल्याने ती वेगळी वागते.

मागे घेण्याआधी दहा-पंधरा फूट पुढे जाऊन ट्रॅक्टर आणि ट्रॉली सरळ रेषेत आणा. सर्वात हळू रिव्हर्स गिअर, थ्रॉटल कमी, आणि ट्रॉली कलायला लागली की लगेच स्टिअरिंग परत आणा. ती वाकडी होते ती हात उशिरा परतवल्यामुळे. मोठं चाक ट्रॉलीच्या दांड्याला घासायच्या बेतात आलं की मागे रेटत राहू नका. पुढे घ्या, सरळ करा, पुन्हा सुरू करा. रांगेतल्यांच्या ओरडण्याने गिअर बदलायचा नाही. एक माणूस खाली उतरवून मागे उभा करा, पण तो आरशात दिसेल असा बाजूला, ट्रॉलीच्या पाठीमागे कधीच नाही.

आणि शेतात वळणासाठी सुटे ठेवलेले ब्रेकचे दोन पेडल रस्त्याला लागण्याआधी पट्टीने जोडून घ्या. भरलेल्या ट्रॉलीसह एकाच चाकाला ब्रेक लागला तर ट्रॅक्टर जागच्या जागी गरकन वळतो.