‘वातावरणनिर्मिती’ नको, ‘सूर’ म्हणा

प्रश्न असा : जर्मन चित्रकार कास्पार डाव्हिड फ्रीडरिशच्या निसर्गचित्रांवर लिहिताना ‘मूड’साठी ‘वातावरणनिर्मिती’ चालेल का?

अजिबात नाही. चित्रात जरा धुकं दिसलं की ‘काय वातावरणनिर्मिती आहे!’ हे ऐकून कान किटले. हा नाट्यपरीक्षणातला शब्द, प्रकाशयोजना आणि पार्श्वसंगीताच्या जोडीने येणारा. तिथेच शोभतो.

फ्रीडरिशच्या भाषेतला शब्द आहे ‘श्टिमुंग’, आणि त्याची व्युत्पत्ती ऐकण्यासारखी आहे. ‘श्टिमे’ म्हणजे आवाज. त्यावरून ‘श्टिमेन’, म्हणजे वाद्य सुरात लावणं. खुंट्या पिळून तंबोरा जुळवतात, ते श्टिमेन. लागलेली ती जुळणी म्हणजे श्टिमुंग, आणि पुढे मनाची अवस्थाही श्टिमुंगच. फ्रीडरिशचा मित्र कार्ल गुस्टाफ कारुस हा ड्रेस्डेनचा डॉक्टर आणि चित्रकार. १८३१ साली प्रसिद्ध झालेल्या निसर्गचित्रणावरच्या पत्रांत तो म्हणतो, की मनाची एखादी श्टिमुंग निसर्गाच्या तशाच श्टिमुंगमधून दाखवणं हे या कलेचं मुख्य काम. दोन्हीकडे शब्द एकच! एका पट्टीतले दोन तंबोरे. एक छेडला की दुसरा झंकारतो.

काही जाणकार इथे ‘रस’ सुचवतात. मला ते साफ अमान्य आहे. संस्कृत काव्यशास्त्रकार अभिनवगुप्ताच्या मांडणीत रस सहृदयाच्या, म्हणजे जाणत्या रसिकाच्या, अनुभवात असतो आणि चांदणं, मेघ वगैरेंकडे उद्दीपन विभावाचं, म्हणजे भाव चेतवण्याचं, काम येतं. कारुसला निसर्ग मनाच्या बरोबरीने बसलेला हवा आहे.

फ्रीडरिशचं ‘समुद्रकाठचा साधू’ (१८०८–१०) पाहा. इन्फ्रारेड तपासणीत उघड झालं, की त्याने समुद्रावर आधी जहाजं काढली होती, मग ती रंगाखाली बुजवली. उरला एक माणूस आणि चित्रभर आभाळ. माझ्या मते हे खुंटी पिळणंच आहे : बेसूर वाटलं ते काढलं. ‘निर्मिती’ करणाऱ्याने आणखी दोन जहाजं घातली असती.

तिकडे इंग्लंडात चित्रकार कॉन्स्टेबलनेही १८२१ च्या एका पत्रात आकाशाला निसर्गचित्राची ‘की-नोट’ म्हटलं. की-नोट म्हणजे आपला षड्ज.

तेव्हा ‘चित्राचा सूर’ लिहा. बोलण्याचा सूर, निराशेचा सूर आपण म्हणतोच. ‘वातावरण’ म्हणजे हवेचं आवरण. इंग्रज चित्रकार टर्नरच्या १८४४ च्या ‘रेन, स्टीम अँड स्पीड’ या चित्रातल्या पावसाबद्दल आणि वाफेबद्दल लिहाल, तेव्हा तो शब्द जरूर वापरा.