येरवड्यातल्या कैद्यासोबत मिळून चित्रं काढता येतील का?

हो, येतील. पण अधीक्षकांच्या लेखी परवानगीशिवाय पाऊल टाकू नका आणि आत आधीपासून काम करणाऱ्या एखाद्या संस्थेसोबत जा. कुठले रंग, कुठला कागद चालेल ते तिथेच विचारा.

पत्रातून करणार असाल तर पत्रं तपासली जातात, वेळ लागतो, हे धरून चाला. मी एका शिक्षाबंद्यासोबत असंच काम केलंय. तो निळ्या बॉलपेनने अर्धं चित्र काढायचा, उरलेलं मी. एकदा त्याने चिंचेची फांदी काढून पाठवली आणि तपासणीचा शिक्का नेमका पानांवर उमटलेला. मी त्या गोल शिक्क्याचंच घरटं केलं आणि चित्र परत आत पाठवलं. महिन्याभराने ते आलं, तेव्हा घरट्यात दोन पिल्लं चोच उघडून बसली होती! ते चित्र अजून माझ्या टेबलासमोर आहे.

एक कळकळीने सांगते: त्याला 'विषय' करू नका, तो तुमचा जोडीदार आहे. नाव छापायचं की नाही, हे त्याने ठरवायचं. चित्र विकलं गेलं तर त्याचा वाटा कसा पोचवायचा, हे कार्यालयाशी आधीच लेखी ठरवा. खटला चालू असेल तर प्रकरणाचा उल्लेख चित्रातही नको.

गांधीजींचा पेटीत मावणारा 'येरवडा चरखा' 1930 च्या सुमारास याच तुरुंगात आकाराला आला, तो जरूर बघा. आणि तुरुंगाच्या विक्री केंद्रात जाऊन कैद्यांचं लाकूडकाम एकदा हातात घ्या.